चढावर न तुटलेली ओळ

खजुरी, रविवार संध्याकाळ

माझ्या वर्गातली पन्नास पोरं एका सुरात कविता म्हणायची, तो आवाज आज दिवसभर कानात आहे. आळंदच्या चढावर सायकल चालवताना मी अजून त्याच चालीत म्हणतो. ओळ एका दमात पुरी झाली तर वेग बरोबर, तुटली तर हळू. डॉक्टरही म्हणाले होते, दोनशे वीस वजा वय, म्हणजे माझ्या हृदयाचे मिनिटाला जास्तीत जास्त एकशे अठ्ठेचाळीस ठोके, हा नुसता सरासरीचा अंदाज. दम बघत चला.

आज मनगटावरच्या घड्याळात एकशे चाळीस दिसले. ओळ तुटली नव्हती. सोबतच्या शरणप्पानं आकडा पाहिला आणि मला न सांगता माझ्या लेकाला फोन केला. लेकानं सायकलला कुलूप घालून किल्ली नेली. दहा वर्षांची सोबत आमची! कामून केलं त्यानं असं? ओळ तुटली नव्हती, हे त्यालाही ऐकू आलंच असेल की.

इतकं लिहितोय तोच दार वाजलं. शरणप्पाच. मान खाली घालून उभा.

"मास्तर, काय शिव्या द्यायच्या त्या द्या. पर ते घड्याळ जरा माझ्या हाताला बांधा. तुमचा आकडा बघून भ्यालो, माझा किती असंल म्हणून. चढावर मला बोलायलाच येईना गेलंय. म्हणून तर गप असतो मी."