रकाना सातमधील गोटा व पत्नी कमी करण्याबाबत

प्रति,
मा. जुनी वाहने तपासणी अधिकारी,
तालुका वाहन शिबिर, देवळी, जि. वर्धा.

विषय : १९६७ सालच्या मोटारीच्या नोंदीतून गोटा व पत्नी कमी करून डिस्क ब्रेक दाखल करणे.

संदर्भ : आपला दि. २८ एप्रिलचा शेरा, "गोटा व पत्नी हजर करावेत."

महोदयांच्या सेवेशी,

अर्जदार मधुकर झाडे, निवृत्त किराणा दुकानदार, रा. नाचणगाव, याच्याकडे वडिलांच्या वेळची एक मोटार आहे. शहरात अशा मोटारीला क्लासिक कार म्हणतात. गावात तिचे नाव "सरका" आहे, कारण ती येताना दिसली की तोच एक शब्द उपयोगी पडतो.

तिचे ब्रेक गेली तीस वर्षे नावापुरते होते. वेग मंदावला की अर्जदाराच्या पत्नी सौ. सुलोचनाबाई मांडीवरचा गोटा घेऊन चालत्या मोटारीतून उतरत, चार पावले धावत आणि तो चाकापुढे ठेवत. मागील तपासणीच्या फॉर्मात रकाना सात होता, "वाहन थांबविण्याचे साधन". अर्जदाराने जन्मात खोटे लिहिले नाही. त्याने "गोटा" लिहिले. पुढे "साधन हाताळणारी व्यक्ती" असे विचारले होते, तेथे "पत्नी" लिहिले. त्यावर शिक्काही बसला.

गेल्या महिन्यात मेहुणी शकुंतलाबाई यांचा तळेगाव (श्यामजी पंत) येथून फोन आला, की त्यांचा मुलगा धीरज याचे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, अठरा मे रोजी आहे. त्यावर सौ. म्हणाल्या ते शब्द जसेच्या तसे देतो : "साऱ्या कार्यात मी गाडीच्या पुढं पयतच पोचली. एकदा मले बसून पोचू द्या." अर्जदारास फार वाईट वाटले. त्याआधी तीस वर्षे वाटले नव्हते, हेही खरे आहे.

म्हणून जाम गावचे मिस्त्री कवडूभाऊ यांना बोलावून घरच्या अंगणातच पुढच्या चाकांचे ड्रम काढले, डिस्क बसविल्या, ब्रेकचा नवा मास्टर सिलिंडर व तेलाचे नवे पाईप घातले. पाईपातली हवा काढताना कवडूभाऊ गाडीखाली होते आणि पायडलवर सौ. होत्या. "काकू, दाबा. सोडू नोका," असे ते चाळीस वेळा म्हणाले. एकेचाळिसाव्या वेळी सौ. म्हणाल्या, "गोटा बी मीनंच लावाचा, पायडल बी मीनंच दाबाचं, मंग हे काय करून राह्यले?" अर्जदार तेव्हा टॉर्च धरून होता, हे नमूद करतो.

दि. २५ एप्रिल रोजी अंगणात चाचणी झाली. ब्रेक दाबताच मोटार जागच्या जागी थांबली. सौ. मात्र सवयीने गोट्यासह आधीच उतरल्या होत्या, त्या थेट गोठ्यापर्यंत गेल्या. परत येऊन त्या मागच्या सीटवर बसल्या, दार लावून घेतले आणि उभ्या मोटारीत अर्धा तास बसून राहिल्या. नंतर गोटा आत नेऊन कैरीच्या लोणच्याच्या बरणीवर ठेवला.

आपल्या शिबिरात मोटार बरोबर पिवळ्या रेषेवर थांबली, तरी नोंदीतील साधन वाहनावर आढळले नाही म्हणून प्रमाणपत्र नाकारण्यात आले. घरी गोटा मागितला असता, "लोणचं मुरून राह्यलं, गोटा नाई भेटत," असे लेखी न देता सांगण्यात आले. दुसरा गोटा आणता येईल, पण तो नोंदीतला नव्हे, आणि अर्जदार खोटे करीत नाही. सौ. शिबिरास यायला तयार आहेत, पण साधन म्हणून नव्हे.

तरी रकाना सातमधील "गोटा" खोडून "डिस्क ब्रेक" लिहावे, आणि "पत्नी" हा शब्द तेथून उचलून प्रवाशांच्या रकान्यात ठेवावा. अठरा तारखेला तळेगावच्या दारात मोटार आधी थांबेल आणि सौ. नंतर उतरतील. एवढा क्रम बदलून मिळावा.

आपला, आता थांबू शकणारा अर्जदार,
(सही) मधुकर झाडे
नाचणगाव, दि. ५ मे २०२५

सोबत :
१. मिस्त्री कवडूभाऊ यांचा दाखला.
२. बरणीवरील गोट्याचा फोटो.
३. त्याच बरणीतील लोणचे, लहान बाटली. ही भेट नसून पुरावा आहे. बाटली धुऊन परत करावी, असे सौ. यांनी कळविले आहे.