उरलेला खुराक

प्रिय लायल,

अक्षरं मुद्दाम एवढाली काढली आहेत. तुझी साखर वाढलीय, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आलाय, असं कळलं. तरी हे पत्र तुझं तूच वाच. जोनीला वाचायला देऊ नकोस, लेकीसमोर नको.

मी पुन्हा प्रयोगशाळेत जाते, हे ऐकून हसशील. निवृत्त होऊन ओमाहात घरी बसले, तर शेजारी कचऱ्यात काय टाकतात यावरच नजर ठेवायला लागले होते! आपले साहेब, डॉ. हॅल्व्हरसन वारले. त्यांच्या जागी आलेल्या बाईंना आपला उंदरांचा प्रयोग पुन्हा करून बघायचा होता, म्हणून मला बोलावलं. तोच साखर घातलेला खुराक, निम्म्या पिंजऱ्यांत त्यात ती पिवळी पूड. साखरेमुळे डोळ्याच्या भिंगावर प्राणवायूचा मारा वाढतो, कापून ठेवलेल्या सफरचंदासारखं ते आतून खराब होतं आणि पूड ते थोपवते, हे हॅल्व्हरसनांचं म्हणणं तुला मी काय सांगू!

तेव्हा पूडवाल्या उंदरांची भिंगं लख्ख निघाली, बाकीच्यांची दुधाळ. दिव्याखाली तपासायचे मीच, आणि मला ते काही केल्या पटेना. इतकं छान कधी असतं का? पिंजऱ्यांवर नुसते आकडे, कुठल्या पिंजऱ्यात पूड याची यादी बंद पाकिटात. पण खुराक घालायचास तू, आणि पिवळा रंग काय लपतो? त्यात एका सकाळी तू पिवळा खुराक कचऱ्यात ओतताना दिसलास. विचारलं तर म्हणालास, "अगं, खातच नाहीत मेले! कडू लागतं त्यांना. तूच चाखून बघ." मी हसले. मनात म्हटलं, साहेबांना खूश करायला हा साखरेचा खुराक काढून साधा घालतोय.

पुढे तू खुराक बदलतोस अशी ती निनावी चिठ्ठी चौकशी समितीकडे गेली आणि तू राजीनामा दिलास. शाळेत पोरं जोनीला चिडवायची, "तुझा बाप उंदरांना फसवतो!" तुझ्या शेवटच्या दिवशी मी राजम्याची तिखट चिली आणि दालचिनीचे गोड रोल करून आणले, तर तुझे डोळे भरून आले. "व्हर्ना, इथे माणूस म्हणावं अशी तू एकटीच," म्हणालास. चिठ्ठी हॅल्व्हरसनांनीच लिहिली, असं तू धरून चाललास.

आपण घातलेला खुराक तोलायचो, उरलेला कधीच नाही. यंदा मी तो तोलला. पूडवाले निम्मा खुराक टाकून देत होते. साखर पोटातच गेली नाही, तर भिंग दुधाळ होणार कसं? मग बाकीच्यांनाही तेवढंच मोजून घातलं, तर त्यांचीही भिंगं बरीचशी स्वच्छ राहिली. पुडीचा गुण होता, पण अगदी थोडा. त्या दिवशी मी चिमूटभर पूड जिभेवर ठेवली. कडूजहर होती.

ती चिठ्ठी मी लिहिली होती, लायल. एकोणीस वर्षं मी सगळ्यांवर संशय घेतला, स्वतःवर तेवढा घेतला नाही. मला फार लाज वाटते. तोललेल्या वजनांचा कागद बाईंच्या सहीनिशी सोबत पाठवतेय. आणि वर लिहिलेलं मागे घेते. मोठी अक्षरं तुझ्यासाठी नव्हतीच, जोनी हे वाचेल म्हणून मीच भीत होते. तिला हाक मार, शेजारी बसव आणि हे पत्र पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला सांग.

अजून म्हणू देशील तर तुझीच,
व्हर्ना