चिंधी बांधलेला पाय

गुरुजी, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली आणि मी आत्ता कुठे लिहायला बसलोय, तेही तुमचं नाव खराब करून झाल्यावर. सातवीत शाळा सुटली, ऱ्हस्व-दीर्घ कधी धड जमलं नाही, तेवढं पोटात घाला. बाकीचं घालू नका.

नातीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. तिने तक्ता करायला घेतला, जुन्या रोमचा शिपाई सूर्यापर्यंत चालत निघाला तर त्याचे किती मैल होतील? सूर्याचं अंतर पुस्तकात होतं, सुमारे पंधरा कोटी किलोमीटर. आभाळ मोजणारे लोक त्यालाच एक माप धरतात म्हणे, खगोलीय एकक, जसे आपण हात नाहीतर वीत धरतो. अडलं ते रोमन मैलापाशी. ती मोबाईल उघडत होती, तर मीच म्हणालो, "ऱ्हाऊ दे बेटा. हजार पावलं म्हंजे रोमन मैल. मन्हा गुरुजीसनी शिकाडेल शे." मग तिने मला अंगणात चालवलं आणि टेपने माझं पाऊल मोजलं. पाऊण मीटर भरलं. हजार पावलांचे साडेसातशे मीटर, म्हणजे सूर्य वीस कोटी रोमन मैलांवर. बांधावरून चालत शेत मोजणारे आम्ही, पडेल ते प्रत्येक पाऊल मोजायची सवय. मला शंकासुद्धा आली नाही, आणि एरवी मी दाराची कडी दोनदा बघितल्याशिवाय निजत नाही. वीस कोटीचा आकडा तिने लाल रंगात केवढा मोठा काढला होता!

प्रदर्शनाच्या दिवशी मी पाण्याची बाटली घेऊन तिच्या शेजारी उभा आहे, खाल्लंस का म्हणून तिला सतावतो आहे. तपासायला आलेल्या बाई तक्ता वाचतात आणि म्हणतात, "हे दुप्पट झालंय गं. रोमन लोक दोन पावलांचं एक धरायचे. त्यांचा मैल जवळजवळ दीड किलोमीटर. उत्तर दहा कोटीच्या आसपास यायला हवं." पोरीने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. तेव्हा "माझी चूक" एवढे दोन शब्द पुरले असते. मी म्हणालो, "आमचे गुरुजी असंच शिकवायचे." बाई हसल्या. "खेड्यातले जुने मास्तर, त्यांना तरी कुठून माहीत असणार!" लोक हसले. आणि गुरुजी, मीही हसलो. पोर मात्र त्या लाल आकड्यावर तळहात ठेवून उभी राहिली, तो काही झाकला जात नव्हता.

पुढच्या आठवड्यात सारंगखेड्याच्या यात्रेला तिला घोडे दाखवायला नेलं. एक माणूस गिऱ्हाइकाला चाल दाखवायला पांढरी घोडी चालवत होता. दृष्ट लागू नये म्हणून तिच्या पुढच्या एका पायाला लाल चिंधी बांधलेली. तो पाय उचलतो, टेकतो, उचलतो, टेकतो. बघता बघता माझ्या हातातली जिलबी तशीच राहिली. शाळेपासून तापीच्या काठापर्यंतचा धुळीचा रस्ता, आणि तुम्ही वाकून माझ्या उजव्या पायाला तुमच्या उपरण्याच्या काठाची चिंधी बांधताय. नवं उपरणं होतं, तुम्ही दातांनी फाडलंत. चिंधीचा पाय टेकला की एक. डावा फुकट. मी दोन्ही मोजायला लागलो तेव्हा तुम्ही मागून ओरडलात, "पोऱ्या, दोन्ही पाय मोजशी ते अर्धी वाटमाच रोम ई जाई!" अर्ध्या वाटेतच रोम आलं म्हणून सगळा वर्ग खिदळला होता. इतकं शिकवलंत, उपरणं फाडून शिकवलंत, आणि माझ्या डोक्यात राहिलं फक्त "हजार".

घरी आल्यावर मी नातीच्या पायाला माझ्या जुन्या धोतराची चिंधी बांधली आणि तिला गल्लीत चालवलं. दहा पावलं पडली तेव्हा तिच्या मोजणीत पाचच झाली होती. ती एकदम थांबली. "म्हंजे वीसना दहा व्हतंस! आबा, हाई कोनी शिकाडं तुमले?"

तुमचं नाव ओठांवर आलं होतं. पण ते घेतलं असतं तर तिने विचारलं असतं, मग त्या दिवशी बाईंसमोर तसं का बोललात? मी म्हणालो, "मोबाईलमा दखं मी."

तिला माहीत आहे, गुरुजी. मला मोबाईलवर साधा फोन लावता येत नाही, तीच लावून देते. ती माझ्याकडे बघत राहिली, मग चिंधीचा पाय पुढे टाकून मोजायला लागली.

उद्या तिला खरं सांगेन, असं इथे लिहायचं ठरवून बसलो होतो. तेवढं एक वाक्य मी लिहीत नाही, तुमच्याशी तरी खोटं नको.