ब्रेक लागत नाही

प्रिय धाकटे,

फोनवर मी काही सांगायला लागले की तू मध्येच "ताई, तुझं आपलं काहीतरीच असतं" म्हणतेस आणि माझी गाडी तिथेच अडते, म्हणून हे पत्र. कागदाला मध्ये तोडता येत नाही. शेजारच्या काकू उद्या सकाळच्या बसने तुझ्याच गावी त्यांच्या मुलाकडे निघाल्यात, त्यांच्या हाती देतेय. चहाबिहा बाजूला ठेवून वाच. आणि शेवटचं पान आधी उघडून बघायची तुझी खोड आजच्यापुरती आवर, कृपा होईल.

आधी चांगलं सांगते. तुझी लेक मजेत आहे. भिंगरीचा समोरचा दात पडला. तो तिने खिशात घालून शाळेत नेला, वर्गभर दाखवला आणि येताना हरवून आली, मग त्यासाठी भोकाड पसरलं. तू बदलीच्या गावी गेल्यापासून रडली ती एवढीच. झोपताना तुझा तो विटका स्वेटर उशाशी लागतो, बाकी हट्ट नाही. रविवारी आजोबांच्या गाडीतून घाट ओलांडून आईकडे जायचं, म्हणून तिची पिशवी कालपासून भरून दारात उभी आहे. आणि बाबांचं तर विचारूच नकोस. "बाबा, तुम्हीच घेऊन या ना तिला" असं तू म्हणालीस त्या दिवसापासून त्यांच्या अंगात वारं शिरलंय. दाढी रोज, शर्टाला इस्त्री रोज. आपली आई गेल्यानंतर मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. घाटात जायचं तर गाडी ठणठणीत हवी, म्हणून आज दुपारी त्यांनी ती गॅरेजला काढली. मीही ऑफिसात अर्धी रजा टाकून बरोबर गेले, कारण तक्रार पुन्हा तीच होती. ब्रेक लागत नाही.

हे ब्रेकचं प्रकरण मी तुला पुरतं सांगितलेलं नाही. फाटकाच्या खांबाला गाडी घासली ते तुला ठाऊक आहे. त्यानंतर त्यांनी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याची हातगाडी उलटवली, ते ठाऊक नाही. टमाटे रस्ताभर झाले होते. भाजीवाला वेळेत बाजूला झाला म्हणून वाचला, आणि वर त्यानेच बाबांना पाणी आणून दिलं. दोन्ही वेळा बाबा म्हणाले, दाबला होता गं, लागलाच नाही. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. का नाही डोलावणार? त्यांनी आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं. या गावात ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे तो कधी ना कधी त्यांच्या शेजारी बसून घाम पुसत गेलाय. गाडी आणि बाबा या दोघांत चूक कुणाची, हा प्रश्न आपल्या घरात कधी पडलाच नाही. नेहमी गाडीचीच.

मेकॅनिकही त्यांचाच विद्यार्थी. आठवतो का तुला तो गचका? क्लच असा सोडायचा की मागच्या सीटवर बसलेल्या आपल्या दोघींची डोकी आपटायची, म्हणून बाबांनी त्याचं नाव गचका पाडलं होतं. आता त्याला टक्कल पडलंय, हाताखाली माणसं आहेत, पण बाबा आत शिरले की अजूनही हात पुसून उभा राहतो. या ब्रेकसाठी त्याने आतापर्यंत जे बदलता येईल ते सगळं बदललंय. आजही त्याने आधी स्वतः गाडी बाहेर नेऊन फिरवून आणली, आणि परत आला तो डोकं खाजवत. ब्रेक मस्त लागत होता. दुसरं कुणी गिऱ्हाईक असतं तर त्याने गाडीला काही झालेलं नाही म्हणून वाटेला लावलं असतं. पण सर म्हणतायत ना लागत नाही, मग लागत नसणार! त्याने पुन्हा चाकं उतरवली.

मग आम्ही वाट बघत थांबलो. पत्र्याची शेड आधीच तापलेली, कॉम्प्रेसर मध्येच धडधडायला लागायचा आणि बंद पडला की कानात दडा बसल्यासारखं व्हायचं. माझ्या खुर्चीचा एक पाय आखूड होता. बाबा काही बसायला तयार नव्हते. या गाडीखाली वाक, त्या माणसाच्या खांद्यावर हात टाक, लग्न झालं का विचार. कुणी पहिल्या दिवशी रिव्हर्स टाकताना गाडी गटारात घातली होती ते सगळ्यांसमोर सांगून झालं. सगळे हसत होते, मीही हसले. पण गंमत बघ. गचका गाडीखालून बाहेर आला की त्याच्या तोंडाकडे बघायचे, आणि तो "काही सापडत नाही ताई" म्हणाला की मला हायसं वाटायच्या ऐवजी जास्तच भीती वाटायची. काहीतरी मोडलेलं सापडू दे, असं मी मनातल्या मनात घोकत होते. मोडलेली वस्तू बदलता येते.

उन्हं कलल्यावर गचक्याने शेवटचा उपाय काढला. गाडीचा पुढचा भाग जॅकवर उचलून चाकं अधांतरी केली आणि म्हणाला, सर, तुम्हीच बसा, पहिल्या गिअरमध्ये चाकं फिरू द्या, मी सांगितलं की क्लचला हात न लावता नुसता ब्रेक दाबा, मी इथून बघतो. "क्लचला हात नाही रे, पाय!" असं म्हणून बाबांनी त्याला सगळ्यांसमोर दुरुस्त केलं आणि ऐटीत आत बसले. मी त्यांच्या उघड्या दाराशी उभी होते. चाकं सावकाश फिरत होती. गचका चाकापाशी उकिडवा बसला आणि एकदम ओरडला, सर, ब्रेक!

इंजिन असं किंचाळलं की शेडमधला एकूण एक माणूस वळला. चाकं थांबली नाहीत गं. ती दिसेनाशी झाली, इतकी वेगाने फिरायला लागली. गचका मागे कोलमडला. आणि बाबा त्या आवाजात शांतपणे, अगदी समाधानाने सांगत होते, बघ, पूर्ण दाबलाय, लागतोय का? मी खाली पाहिलं. त्यांचा पाय अॅक्सिलरेटरवर होता, तळाला टेकवलेला.

तुला लगेच कळणार नाही, मलाही क्षणभर कळलं नाही. शिकवायची ती जुनी गाडी डोळ्यांपुढे आण. शिकणाऱ्याकडे तीन पेडलं होती आणि शेजारी बाबांच्या पायाशी दोनच, क्लच आणि ब्रेक. वेग देणं शिकणाऱ्याचं काम, थांबवणं बाबांचं. त्यांच्या बाजूला उजव्या टोकाचं पेडल म्हणजे ब्रेक. सगळी उमर त्यांनी दुसऱ्यांच्या चुका त्या पेडलाने अडवल्या. भाजीवाला, शाळेची मुलं, कुत्री, म्हशी, कितीजणांना त्या पायाने वाचवलं असेल देव जाणे. एरवी निवांत गाडी चालवताना त्यांचा पाय आजही बरोबर पडतो. पण कुणी अचानक समोर आलं, कुणी ओरडलं, की तो पाय आता शेजारच्या सीटवर जाऊन बसतो आणि उजव्या टोकाचं पेडल जीव खाऊन दाबतो.

मी तिथे बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण त्यांच्या हाताखाली शिकलेली ती सगळी माणसं गोळा झाली होती आणि बाबा त्यांच्याकडे बघून विजयी हसत होते. गचक्याने अॅक्सिलरेटरची केबल अडकते असं निदान केलं, नवी यायला वेळ लागेल म्हणाला, आणि हात जोडून म्हणाला, सर, ही गाडी घाटात नेऊ नका, तोवर माझी न्या. बाबांनी किल्ली घेतली. मी शेजारी बसले.

येताना त्यांनी इतकी सुंदर गाडी चालवली म्हणून सांगू. एक खड्डा लागला नाही. मी हळूच म्हटलं, बाबा, रविवारी बसने जायचं का? तर म्हणाले, त्या बसच्या ड्रायव्हरला कुणी शिकवलंय ते विचार आधी. मला हसूही आलं, आणि वाटलं, आपण पाहिलं ते खरंच पाहिलं ना? तेवढ्यात घराचं वळण आलं. काकूंच्या ओट्यावर बसलेली भिंगरी आम्हाला बघून "आजोबा!" करत फाटकातून सरळ समोर धावत आली.

गाडीने उडी घेतली. मी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला, काय ओरडले ते मला आठवत नाही, पण त्या ओरडण्याने बाबांचा पाय उचलला गेला आणि गाडी आचका देऊन बंद पडली. भिंगरीने बॉनेटवर दोन्ही तळवे टेकवले होते. ती हसत होती. तिला वाटलं आजोबांनी मुद्दाम घाबरवलं. पुन्हा करा म्हणाली.

आता ऐक, यासाठी एवढं लिहिलं. थोड्या वेळापूर्वी मी बाबांना समोर बसवून सगळं स्पष्ट सांगितलं. बाबा, ब्रेक चांगला आहे, तुमचा पाय चुकतोय. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, तू दमलीयस बाळा, जरा पड. भिंगरीला तर मी त्यांच्याबरोबर पाठवणार नाहीच, शाळेतूनही उद्यापासून मीच आणेन, पण मग ते एकटे निघतील, आणि घाटाच्या पलीकडे तुझ्या गावातही कुणाची तरी मुलं धावत असतीलच. तू बोलावलंस म्हणून ते निघालेत, तूच नको म्हटलंस तर थांबतील. माझं नाव सांग, खोटं बोल, भांड, काय वाटेल ते कर, पण पत्र मिळाल्या मिळाल्या फोन कर. गचक्याची गाडी त्यांनी परत पाठवली, हिचाही ब्रेक लागत नाही म्हणून. आत्ता पलीकडच्या खोलीत बसून जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावतायत, चांगल्या ब्रेकची गाडी आहे का कुणाची. पहिला गावाला गेला होता. दुसऱ्याने लगेच हो म्हटलंय. सर, तुम्ही कशाला येता, शनिवारी संध्याकाळी मीच तुमच्या दारात आणून लावतो, म्हणाला.

तुझीच,
ताई