गुलाबी मेणबत्ती, एक रविवार आधी

कारधा,
३ डिसेंबर २०२५

चि. गुड्डीले आईचे आशीर्वाद. येशूची स्तुती असो.

मी इकडं मजेत आहो. तूही बरी असशील, मोजे घालत असशील अन् कोणी मागं न लागता दूध पीत असशील, असं समजून चालते. व्रताआधीच्या नॉव्हिस पोरींची पत्रं तुमच्या मिस्ट्रेस सिस्टर आधी पाहून घेतात, असं तू सांगितलं होतं. तर त्यांनाही माझा नमस्कार सांग. त्यांनी खुशाल वाचावं, फक्त अक्षराले हसू नये.

आगमनकाळ लागला, म्हणजे आता नाताळापर्यंत तुम्हाले पत्र लिहायची मनाई, आलेलं वाचायची तेवढी मुभा. म्हणजे इतके दिवस मीच बोलीन अन् तू गुपचूप ऐकशील. एवढं सुख मले तू पोटात होती तेव्हापासून मिळालं नाही.

तुझं मागचं पत्र पोहोचलं. तू लिहिलं, आई घरी एकटी आहे हे डोक्यातून जात नाही, पहिलं व्रत घ्यायच्या आधीच कॉन्व्हेंट सोडून परत यावं असं वाटून राहिलं आहे. त्याचं उत्तर मी देणार आहो. पण आधी इकडचं ऐक, नाहीतर सगळं विसरून जाईन.

वेदीवरचा जांभळा कपडा मीच शिवला या वर्षी. जुन्याले उंदरानं भोक पाडलं होतं, अन् नेमकं क्रुसाच्या मधोमध. बाजारात चांगला जांभळा मिळेना. दुकानदार म्हणे, बाई, वांगी रंग घ्या, कोणाले समजते. मी म्हटलं, आमच्या पार्वताबाईले समजते. घरून चहाचा डबा आणते अन् चर्चातली मिस्सा संपल्यावर आवारात सगळ्यांच्या चुका काढते, तीच पार्वताबाई. तिचा गुडघा दुखते, पण नजर अजून सुईत दोरा ओवते.

नाताळच्या गव्हाणीचं काम तेजरामभाऊंकडं आहे, दरवर्षीसारखं. एसटीतून रिटायर झाल्यापासून त्यांना चर्चशिवाय दुसरं घर नाही. यंदा त्यांनी बेथलेहेमात तलाव काढला आहे. धानाचे बांध, पाळीवर येनाचं झाड, अन् मेंढपाळांच्या बाजूले जाळं घेतलेले दोन ढीवर. फादर झारखंडचे, त्यांनी विचारलं की ये मछुआरे बेथलेहेम में कहाँ से आए. तेजरामभाऊ म्हणे, फादर, भंडाऱ्याच्या गव्हाणीत कोणी मासोळी घेऊन नाही आला तर लोकायले खरं वाटणार नाही. फादर हसले अन् राहू द्या म्हणे. तणस दिघोरीवरून आणलं, त्यांच्या बहिणीच्या वावरातलं, यंदाच्या धानाचं. एसटीच्या टपावर टाकून आणलं, तर कंडक्टर पोरानं लगेजचं तिकीट फाडलं. सारी उमर ज्यांनी दुसऱ्यांना तिकीट फाडलं त्यांनाच. ते तिकीट त्यांनी मले दाखवायले आणलं होतं. आम्ही दोघंही ओट्यावर बसून फार हसलो.

आता तुझं उत्तर.

खरं लिहिते. तुझं पत्र वाचलं अन् मले आनंद झाला. तुझी खाट बाहेर काढली, गादी उन्हात टाकून बडवली, कपाटातले तुझे ड्रेस पाहिले की अंगाले येतील की उसवावे लागतील. पोरगी परत येऊन राहिली, एवढंच डोक्यात. सिस्टर लोकायच्या देवानं माफ करावं, पण मी तर त्याच्या हातातून हिसकून घ्यायले तयार होती.

मग पत्र पुन्हा काढून वाचलं. त्यात सगळीकडं मीच होती. आई कशी झोपत असन, आईले ताप आला तर कोण पाहीन, आई कोणासोबत जेवत असन. तुले तिकडं करमत नाही असं एकही वाक्य नाही. उलट गाण्याची प्रॅक्टिस, बागेतले मुळे, दवाखान्यातल्या म्हाताऱ्या, त्यांचं लिहिताना तुझं अक्षर कसं भरभर पळते. तुले मी जन्म दिला आहे, तुझं अक्षर मले समजते.

म्हणून सांगते, माझी काळजी करून परत यायचं ठरवू नको. मी एकटी नाही आहो. शिलाईच्या बाया येतात, पार्वताबाई आहे, मांजर व्याली आहे, तेजरामभाऊ येत-जात असतात. या रविवारी आगमनाच्या कड्यातली मेणबत्ती पेटवायची पाळीही फादरनं मले अन् तेजरामभाऊंना दिली आहे. बाकी रविवारी एकेक कुटुंब पेटवते. आम्ही एकेकटी माणसं, म्हणून दोन घरं मिळून एक कुटुंब धरलं.

अजून एक सांगायचं होतं. पण कागद संपत आला, अन् आत्ता लिहायले जमूनही नाही राहिलं. पुढच्या पत्रात नक्की.

तुझी आई

*

कारधा,
८ डिसेंबर २०२५

गुड्डी, बेटा,

लागोपाठ दुसरं पत्र पाहून घाबरू नको. कोणी आजारी नाही, कोणी गेलं नाही. पण भंडाऱ्यातली एखादी सिस्टर तिकडं येऊन सांगायच्या आधी हे पत्र तुझ्या हातात पडलं पाहिजे. आज निष्कलंक मरियेचा सण, सकाळच्या मिस्साले जाऊन आली अन् अंगावरची शालही न काढता लिहायले बसली.

काल दुसरा रविवार होता. हिरव्या पानाचं कडं तुले आठवतच असन, तीन जांभळ्या मेणबत्त्या अन् एक गुलाबी, दर रविवारी एकेक जास्त पेटवायची. गुलाबी तिसऱ्या रविवारची, आनंदाच्या. हे मले तुझ्याइतकी होती तेव्हापासून माहीत आहे, दरवर्षी त्या मेणबत्त्या मीच पुसून बसवते. तेजराम प्रार्थना वाचून राहिले होते. त्यांनी नवीन स्वेटर घातलं होतं, मातकट रंगाचं, अन् वाचताना चष्मा नाकावर घसरत होता. माझं लक्ष तिकडं. मी काडी ओढली, पहिल्या रविवारची पेटवली, अन् सरळ गुलाबीले लावली.

 मग कॉयरमधल्या पोरी फिदीफिदी. तेजराम हळूच म्हणतात, 'गुलाबी नाही, गुलाबी नाही.' मी म्हटलं, 'आता पेटली ना.' हळू म्हटलं, पण माइक त्यांच्या तोंडापुढंच होता.

मी विझवायले वाकली तर फादरनं हात केला. म्हणे, 'रहने दो, जलने दो. किसी के घर खुशी एक हफ्ता पहले आ गई होगी.' अन् त्यांनी स्वतःच दुसरी जांभळी पेटवली. सारी मिस्सा मी खाली पाहून बसली. कान नुसते तापले होते.

बाहेर आली तर पार्वताबाई चहाचा डबा घेऊन वाटच पाहून राहिली होती. 'काहून वं रुखमिणी, एवढी कायची घाई झाली तुले आनंदाची?' बाकीच्या बाया आजूबाजूले. काहीतरी सांगून सुटता आलं असतं, चष्मा बदलला, मोतीबिंदू वाढला. पण नुकतीच कम्युनियनची पवित्र भाकर घेऊन आली होती, त्या तोंडातून खोटं निघेना. मी म्हटलं, 'मी अन् तेजराम लग्न करून राहिलो.'

आता झालं लिहून. पाणी पिऊन येते.

पार्वताबाईच्या हातातला कप तसाच राहिला. पहिलं काय विचारलं असन तिनं? 'तू तं त्याले भाऊ म्हणत होती ना वं?' मी म्हटलं, 'म्हणत होती. आता नाही म्हणत.' 'मग काय म्हणते?' 'काहीच नाही. अजी ऐका म्हणते.' बाया हसल्या अन् मीही हसली, दुसरं काय करणार. तेजराम बिचारे सायकलले टेकून उभे, ना जवळ येता येते ना घरी जाता येते. मग पार्वताबाईनंच त्यांना हाक मारली, 'या ना नवरदेव, चहा थंडा होऊन राहिला.' म्हणजे चर्चातलं मोठं कोर्ट पास झालं. पण मले ज्या कोर्टाची भीती आहे ते जबलपूरले, तुझ्या कॉन्व्हेंटात आहे.

कसं झालं ते ऐक. पावसाळ्यात मले ताप आला होता, तुले कळवलं नाही. तेव्हा ते रोज डबा आणत. घरात कधी आले नाहीत. ओट्यावर बसून चर्चातल्या ढोलकाच्या दोऱ्या ताणत राहायचे, आतून मी खोकलली की विचारायचे, पाणी आहे ना जवळ. ताप गेला तरी डबा बंद होईना. दिवाळीच्या आसपास मेंढपाळांचे कपडे शिवून घ्यायले आले अन् म्हणे, 'रुखमिणीबाई, मी घरी गेलो की रेडिओ लावतो, कोणीतरी बोललं पाहिजे म्हणून. तुमच्याकडून गेलो की लावावासा वाटत नाही.' एवढंच. पुढं काही बोलले नाहीत, माप विसरून निघून गेले. दुसऱ्या दिवशी मीच विचारलं, की पुढचं वाक्य कवा बोलणार आहात.

अन् हे झालं तेव्हा तुझं पत्र आलं नव्हतं. हे नीट वाच. तुले मोकळं करायले मी लग्न करून राहिली असं डोक्यात घेऊ नको, नाहीतर आणखी एक ओझं घेऊन फिरशील. मले ते आवडतात. त्यांच्या ढोलकाचा ताल चुकते तेही आवडते. हे लिहिताना डिसेंबरात घाम फुटला, मिस्ट्रेस सिस्टरनं हे वाक्य वाचू नये.

तुझ्या बाबांचा फोटो हलणार नाही. हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. ते म्हणे, सुखराम माझ्या बाजूले बसून टाळ वाजवत होता, त्याले कायले हलवता. मग फोटोजवळ जाऊन जरा वेळ उभे राहिले. मी चहा ठेवायले आत गेली.

आता तुझ्यापुरतं.

आगमनकाळात लग्न लागत नाही, हे तुले मीच शिकवलं. वाट पाहायचे दिवस आहेत, बँड वाजवायचे नाही. म्हणून जानेवारी धरला होता. पण त्याआधी तीन रविवार चर्चात घोषणा होते, अमक्याचं तमकीशी ठरलं आहे, कोणाले हरकत असन तर फादरले येऊन सांगावं. फादर येत्या रविवारपासून वाचायले तयार होते. मी थांबवलं. फादरनं विचारलं, कोई दिक्कत है क्या. मी म्हटलं, जिची हरकत ऐकायची आहे तिले नाताळापर्यंत पत्र लिहायची मनाई आहे. फादर तेजरामांकडं पाहतात, तेजराम म्हणतात, 'पोरीचं पत्र येऊ द्या, फादर. गाडी लेट झाली म्हणून कोणी बस सोडून पायी जाते का?' शेवटी कंडक्टरच तो.

तर आता घोषणा तुझ्या पत्रानंतर. नाराज असशील तर तेही लिही. मी रडीन, पण वाचीन, अन् रागावणार नाही. तुझ्या बाबांची आठवण करून तुले वाईट वाटलं, तर तेही साहजिक आहे, मलेही मधून मधून वाटते. फक्त फार दिवस विचार करत बसू नको. उपवासकाळ लागला की पुन्हा लग्नं बंद, अन् आमच्या वयात ईस्टरपर्यंत थांबायचं म्हणजे पार्वताबाई जगू देणार नाही.

परत यायचं की तिथंच राहायचं, ते मी सांगणार नाही. गादी बडवली तेव्हा मी तुले मनातल्या मनात घरी आणून ठेवलं होतं, ती चूक झाली. राहायचं असन तर मुळे लाव, म्हाताऱ्यांना औषध दे, मी व्रताच्या दिवशी नवीन साडी नेसून येईन, एकटी येणार नाही. यायचं असन तर ये. पण आई एकटी आहे, हे कारण आता तुझ्याजवळ राहिलं नाही, पोरी. ते मी काढून घेतलं. आता जे ठरवशील ते तुले तुझ्या एकटीच्या मनानं ठरवावं लागन, अन् ते कठीण असते, हे मले या दिवाळीत समजलं.

आलीच तर घरात दोन ताटं मांडलेली दिसतील. तिसरं मांडायले वेळ नाही लागत.

तुझ्या होकाराची नाही, तुझ्या पत्राची वाट पाहून राहिलेली,
तुझी आई