जागेचा शंभर गुणांचा तक्ता

३ एप्रिल १९४६, बुधवार. लोणावळा, रेल्वे क्वार्टर

आबा ३१ जुलैला लोको शेडमधून रिटायर होणार. त्याच दिवशी क्वार्टर रिकामे करायचे. आई म्हणते, वडिवळ्याला दत्तोबाकाकांकडे जाऊ. आबा म्हणतात, बघू. अशाने निर्णय होत नाहीत.

मी ट्रेसर आहे. लढाईत तीन वर्षे पुण्याच्या एका मिलिटरी कचेरीत रोज गाडीने जाऊन नकाशे काढले. एकही रेघ परत काढावी लागली नाही. मार्चमध्ये कचेरी बंद झाली. मला काढले असे म्हणता येणार नाही. कचेरीच उरली नाही.

जागा निवडण्याचे काम आजपासून माझ्याकडे. तसे जाहीर केले. कोणी हरकत घेतली नाही. आई भाकऱ्या थापत होती.

४ एप्रिल

तक्ता तयार. शंभर गुण. स्टेशनचे अंतर चाळीस, जमिनीची सपाटी पंचवीस, पाणी पंधरा, हवा दहा, शेजार दहा. नातेवाईक असल्यास दहा वजा.

स्टेशनला चाळीस ठेवले ते आबांसाठी. तीस वर्षे इंजिनांत गेली. गाडीचा आवाज नसेल तर त्यांना करमणार नाही. मला स्वतःला कोणतीही जागा चालेल.

आईने तक्ता उलटा-सुलटा धरून पाहिला. म्हणाली, "समदं हाय, चूल कुटं हाय?"

७ एप्रिल, रविवार

कुसगाव पाहिले. कस्तुराआत्या तिथेच राहतात. लोणावळा स्टेशन चालत पन्नास मिनिटे. आत्यांनी चहा दिला आणि आपल्या दिराच्या मुलाचा, मारुतीचा, फोटो दाखवला. नातेवाईकांचे दहा वजा. फोटोचे आणखी दहा. एकूण एकवीस. कुसगाव बाद.

वडिवळे न पाहताच बाद. कामशेत स्टेशन पाच मैल, मध्ये दोन ओढे, पूल नाही. स्टेशनचे गुण शून्य. आकडे बोलतात, मी नाही.

१४ एप्रिल, रविवार. कामशेत

आबांचे जुने जोडीदार महिपती मिस्त्री यांच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. स्टेशनपासून सात मिनिटे. आबा खूश. "दोन खोल्या, पडवी, मानूसबी आपला. सांगून टाकू का व्हय म्हणून?" मी म्हटले, थांबा. जमीन मुरमाड आणि उतरती. पडवीत पाणसळ ठेवली तर बुडबुडा एका टोकाला पळाला. अशा जमिनीवर ड्रॉइंगचे टेबल सरळ उभे राहणार नाही. (टेबल हे उदाहरण म्हणून.) सपाटीला दोन गुण. एकूण त्रेसष्ट.

आबा म्हणाले, "उताराला घर बरं असतं गं अंबू. पाणी निगून जातं." जुन्या पिढीचा समज.

२१ एप्रिल, रविवार. कामशेत

सापडली!

स्टेशनपासून पाच मिनिटे. मोकळी चौकोनी जागा, मालक नथू. आबांची शेडमधली पाणसळ आणि सहाफुटी फळी घेऊन सोळा ठिकाणी मोजले. फळीचे दुसरे टोक बुधाने धरले. हा वडिवळ्याच्या वरच्या वाडीतला, कामशेतला लाकडाची मोळी विकायला येतो, आबांना ओळखतो. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत उतार अर्धा इंचसुद्धा नाही. मावळात अशी जमीन! शिवाय चारी बाजूंनी फूटभर उंचीचा मातीचा बांध आयता घातलेला. कंपाउंडचे काम वाचले.

बुधा म्हणाला, "लय सपाट हाय, ताई. इतकं सपाट उगा व्हत न्हाई." सपाटी अडाणी माणसाच्याही लक्षात येते, याची नोंद केली.

नथूला विचारले, इथे घर बांधले तर? त्याने डोक्यावरचे मुंडासे सारखे केले. मग म्हणाला, "बांदा की. पाण्याला लांब जावं लागणार न्हाई, येवडं खरं." मालकाची हरकत नाही. पाण्याला पंधरापैकी पंधरा.

एकूण नव्याण्णव. हवेचा एक गुण राखून ठेवला. पैकीच्या पैकी देणे शास्त्रीय नाही.

२२ एप्रिल

आईची शंका: तिथे घर नाही. बरोबर आहे. पण तक्त्यात घराचा रकाना नाही. घर बांधता येते, सपाटी बांधता येत नाही.

५ मे, रविवार

प्लॅन पूर्ण. तीन खोल्या, पत्र्याचे छप्पर. उत्तरेला मोठी खिडकी, तिच्याखाली चार बाय तीनचे टेबल. टेबल सर्वांसाठी.

आबांनी प्लॅन खिडकीशी नेऊन पाहिला. "ह्ये भवतीनं काय काढलंस?" बांध, म्हटले. आबांनी प्लॅन खाली ठेवला. मग हळूच विचारले, "खाचर तर न्हवं न्हं ते?" मी सांगितले, नकाशात तो प्लॉट ए आहे. ते म्हणाले, "येकदा पाऊस पडू दे, मग बघू." मी सांगितले, मोजमाप कोरड्या हवेतच घ्यायचे असते. त्यांनी मान हलवली. "तू शिकल्याली. मोजलं असशील."

नंतर बाहेर जाऊन बराच वेळ विडी ओढत उभे होते. प्लॅन पाहून भारावले असावेत.

१२ मे, रविवार

पुण्यातल्या एका कंत्राटदाराकडे ट्रेसरच्या जागेसाठी अर्ज पाठवला. रोज सकाळी दहाला हजेरी. पुण्यात खोली घेण्याचा विषय आईने माझे वाक्य संपण्यापूर्वीच बंद केला. या अर्जाचा तक्त्याशी संबंध नाही. तक्ता आधीचा आहे, तारीख पाहावी.

१९ मे, रविवार

कामशेतला जाऊन नथूच्या जागेत चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या. नथू बांधावर बसून बघत होता. म्हणाला, "ठोका, ठोका. कायतरी टांगाया व्हतील." माणूस सहकार्याचा आहे.

१ जून

आबा महिपती मिस्त्रींना भेटून आले. त्यांनी महिनाभर खोल्या अडवून ठेवल्या होत्या, असे आज कळले. कोणी सांगितले होते अडवायला? आता त्या एका मास्तरांना दिल्या. मी म्हटले, बरे झाले. मास्तरांना उतार चालतो.

७ जुलै, रविवार

पायाची आखणी करायला आम्ही तिघे कामशेतला गेलो. सोबत दोरी, चुना, नारळ.

जागेत पाणी होते. पाण्यात नथू आणि पाच बायका वाकून भाताची रोपे लावत होत्या. माझ्या ईशान्येच्या खुंटीवर नथूचे इरले टांगलेले.

मी चारही खुंट्यांपाशी पाण्याची खोली मोजली. चार इंच, चार, चार, पावणेचार. पाव इंच तिथल्या चिखलाचा. माझे लेव्हलिंग बिनचूक होते. हे कोणालाही नाकारता येणार नाही. जमीन नेमकी मी म्हटले होते तेवढीच सपाट आहे.

नथू म्हणाला, "ताई, माज्या आज्यानं पंचवीस वरसं खपून सपाट केली ही. त्याला पाणसळ बी ठाव नव्हती." बायका हसल्या. आई बांधावर बसली, डोळ्यांना पदर लावून. मला वाटले रडते आहे. हसत होती. "अंबे," म्हणाली, "टेबल कंच्या बाजूला ठिवायचं गं?"

नारळ नथूला दिला. परत नेणे बरे दिसले नसते.

त्याच दिवशी, परत आल्यावर

परतीच्या गाडीत आबा खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "तुला पुण्याची गाडी धरायची व्हती, तर सरळ म्हणायचं. येप्रिलातच महिपतीला व्हय म्हणलो असतो. माज्या नावावर कशाला घातलंस? इंजनाच्या आवाजानं माजा येक कान गेलाय."

मी उत्तर दिले नाही. गाडीच्या आवाजात त्यांना ऐकू आले नसते.

१८ जुलै

पुण्याहून पत्र आले. नेमणूक झाली. १ ऑगस्टपासून, सकाळी दहा. मला आश्चर्य वाटले नाही.

आबा कामशेतात दुसऱ्या खोल्या बघून आले. एकही रिकामी नाही. वडिवळे ठरले. ठीक आहे. पाच मैल म्हणजे काय? तासाला तीन मैल धरून एक तास चाळीस मिनिटे. स्टेशनला शून्य गुण देताना मी कदाचित कडक होते.

३० जुलै. वडिवळे

आबांची एक रजा उरली होती, म्हणून क्वार्टर एक दिवस आधीच सोडले. काकांनी ओटीवर जागा दिली. माझी ड्रॉइंगची फळी माळ्यावर, आईच्या पापडांखाली. तात्पुरती.

३१ जुलै

रात्रभर पाऊस कोसळला. उद्याची रंगीत तालीम म्हणून पहाटे पाचला निघाले. पहिला ओढा: गुडघाभर. दुसरा: मोजता आला नाही. गाडीची शिटी अलीकडच्या काठावरून ऐकली. तेवढ्यात मागून बुधा आला. मला वाटले पलीकडे नेईल. त्याने पाण्याकडे बघितले, माझ्याकडे बघितले आणि म्हणाला, "दसऱ्याला या, ताई."

छत्री वाहून गेली.

४ ऑगस्ट, रविवार

पुण्याला कळवले: दुसरीकडे काम स्वीकारल्यामुळे रुजू होऊ शकत नाही. अक्षर नेहमीप्रमाणे. पत्र बुधाकडे दिले. ओढा उतरला की टाकेल.

यात खोटे काही नाही. दत्तोबाकाकांच्या खालच्या खाचरात पाणी एका अंगाला साचते, रोपे कुजतात. काल रात्री जेवताना ते म्हणाले, "आमची अंबू नथूच्या खाचरात येवडं नेमकं मोजून आली म्हनं. मग घरच्या खाचरात काय हरकत हाय?" सगळे हसले. आबाही हसले. सात जुलैनंतर पहिल्यांदाच.

उद्या सकाळी सातला हजर व्हायचे आहे. पाणसळ पुसून ठेवली. कामाची जागा घरापासून दोन मिनिटांवर आहे.