स्कीच्या कडेचा एक अंश

बाबा,

फ्रीजरमधला सोडला तर तुम्ही आयुष्यात बर्फ पाहिला नाहीत, हे सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. पिंपरीच्या कारखान्यात वीस वर्षं टूलरूममध्ये कानस चालवलेला माणूस दुबईत येऊन बर्फावरून घसरायच्या स्कीच्या पोलादी कडांना धार लावतो, याची मला तेव्हा जराशी लाजच वाटायची. शाळेत कुणी विचारलं तर मी "ही इज इन स्पोर्ट्स" एवढंच म्हणायचे. कारखाना बंद पडल्यावर तुम्ही आलात ते खेळाच्या सामानाच्या त्या दुकानात रॅकेटच्या तारा ओढायला. पण डिसेंबर आला की युरोपातले साहेब आणि काही अरबी कुटुंबं आल्प्सला निघण्याआधी आपापल्या स्की घेऊन यायची, आणि मागच्या बिनखिडकीच्या खोलीत ते काम हळूहळू तुमच्याकडेच आलं. गुरुवारी माझी शाळा अर्धा दिवस असायची. आपल्या करामा वस्तीतून चालत मी तिथे यायचे आणि स्टुलावर बसून गृहपाठ करायचे. स्कीला लावायच्या मेणाचा वास माझ्या वह्यांना लागलेला असायचा.

मी दहावीत होते त्या वर्षी त्या नव्या कार्व्हिंग स्की आल्या. जुन्या स्की पट्टीसारख्या सरळ. या आखूड, दोन्ही टोकांना रुंद आणि मध्ये कंबर असलेल्या. तुम्ही पहिली जोडी हातात घेतलीत आणि मला हाक मारलीत. "इकडे ये, हे बघ." स्की टेबलावर कडेवर कलती धरून तुम्ही मधोमध दाबता, ती वाकते, आणि तिची सगळी कड एका सुंदर कमानीत टेबलाला टेकते. "माणसाने वळवायचीच नाही हिला, नुसतं कलायचं. वळण हिच्या अंगातच आहे." मग मला कॅटलॉग वाचायला लावलात. यंत्राने दाबून सपाट केलेल्या कडक बर्फावर, मुरलेल्या माणसांनी वेगात चालवायच्या या स्की, असं त्यात होतं. "म्हणजे धार हवी," तुम्ही म्हणालात. "बोथट कड घसरणार."

त्यातली सगळ्यात भारी जोडी एका स्विस इंजिनियरने घेतली. लहानपणापासून स्कीइंग करणारा, उंच, कमी बोलणारा माणूस. "व्हेरी शार्प," एवढंच त्याने सांगितलं. तुम्ही दोन दिवस त्या जोडीवर घालवलेत. तळावर पोलादी पट्टी ठेवून पाहिलीत, तर कडेपाशी पट्टीखालून किंचित उजेड दिसत होता. तुम्हाला वाटलं, वाहतुकीत झिजलीय. उजेड दिसेनासा होईपर्यंत तुम्ही तळ आणि कड घासून एक पातळीत आणलीत, आणि मला बोलावून दाखवलीत. तुमचा चेहरा किती खुलला होता त्या दिवशी.

जानेवारीत दुकानाच्या मॅनेजरला त्या स्विस इंजिनियरचा फोन आला. साध्या, हलक्या उतारावर स्की आपोआप अडकली, त्या माणसाला तिने फेकून दिलं आणि त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. त्या संध्याकाळी तुम्ही कंपनीची जाड पुस्तिका घरी आणलीत. आई पोळ्या लाटत होती. मी ओट्याशी उभी राहून वाचते आहे: तळाच्या बाजूने कडेला एक अंशाचा उतार ठेवावा, नाहीतर स्की नको तिथे बर्फ पकडते. "परत वाच," तुम्ही म्हणता. मी परत वाचते. तुम्ही ताट बाजूला सारता. "ती झीज नव्हती गं. मुद्दाम ठेवलेला उतार होता. मीच घासून टाकला."

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने तुम्हाला स्पष्ट सांगितलं, "फॅक्टरी से ही ऐसा आया था, बस. बात खलास. नहीं तो वीज़ा का सोच लो." आपला तिघांचा इथला मुक्काम त्या व्हिसावर होता, आणि माझी बोर्डाची परीक्षा दोन महिन्यांवर. तरीही तुम्ही मला म्हणालात, "तो गुरुवारी येतोय. माझं इंग्रजी पुरायचं नाही. मी बोलेन तसंच्या तसं सांग. एक शब्द इकडचा तिकडे नको."

तो आला. उजवा हात गळ्यात बांधलेला, डाव्या खांद्यावर ती स्कीची जोडी. मॅनेजर दारातच उभा. तुम्ही ताठ उभे राहून म्हणालात, "साहेब, चूक माझी आहे. कारखान्याने उतार दिला होता, तो मी घासला. मला माहीत नव्हतं, पण विचारायला हवं होतं." मी मॅनेजरकडे पाहिलं आणि इंग्रजीत म्हटलं, "ही सेज देअर वॉज अ मिस्टेक. द एज केम फ्लॅट फ्रॉम द फॅक्टरी. ही शुड हॅव चेक्ड." 'मिस्टेक' आणि 'फॅक्टरी' एवढे शब्द तुम्हाला कळले, दोन्ही तुमच्या बोलण्यातलेच. तुम्ही मान हलवलीत.

"फ्रॉम द फॅक्टरी?" त्याने मला विचारलं.

"येस."

त्याने कडेवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. मग तुमच्याकडे वळून, एक बोट वर करून सावकाश म्हणाला, "वन डिग्री." तुम्ही म्हणालात, "येस सर, वन डिग्री." त्याच्यासमोर तुम्ही तो उतार पुन्हा काढलात. जाताना त्याने धड असलेला डावा हात पुढे केला. तुम्ही ॲप्रनला हात पुसून तो हातात घेतलात.

नोकरी राहिली. पुढे तो दर डिसेंबरला येत राहिला, फक्त तुमच्याकडे. गणपतीला घरी आलेल्या लोकांना, फोनवर पुण्याच्या काकांना, तुम्ही ही गोष्ट सांगायचात: "खरं सांगितलं म्हणून तो माणूस टिकला." मी चहाचे कप उचलून आत जायचे. पुढे मी नोकरीला लागले. पहिल्याच वर्षी यंत्राच्या ड्रॉइंगमधली माझी चूक मी सप्लायरवर ढकलली आणि फोनवर मैत्रिणीला हसत सांगत होते. तुम्ही पेपर खाली ठेवलात. "त्या दिवशी तूच होतीस ना माझ्या शेजारी? मग?" तेव्हाच तुम्हाला सांगायला हवं होतं. मी "हो बाबा" म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन चूक कबूल केली. फार काही झालं नाही. बॉस म्हणाला, पुढच्या वेळी लवकर सांग. दोन वर्षांनी तुम्ही गेलात.

त्या माणसाला तेव्हाच सगळं कळलं असावं, असं आता वाटतं. हे लिहून मी तुमच्या कागदांच्या फाइलमध्ये ठेवून देणार आहे. दाखवणार कुणालाच नाही. परवा माझ्या मुलाला शाळेच्या प्रोजेक्टसाठी आजोबांची एक गोष्ट हवी होती. मी हीच सांगितली, तुम्ही सांगायचात तशी. तो लिहिता लिहिता थांबला. "सो ही जस्ट टोल्ड हिम? अँड यू ट्रान्सलेटेड?"

"हो," मी म्हटलं. "शब्दाला शब्द."